तायडेजींची प्लगतपासणी

जनार्दन तायडेंना माणसं फारशी आवडत नसत आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत एकोणीस वर्षं राहून शेजारच्या मीणाजींशी त्यांचं बोलणं व्हायचं ते फक्त मीणाजींची मोटारसायकल बंद पडली की. तेव्हा तायडे गेटवर हाताची घडी घालून उभे राहत आणि म्हणत, "सर्विस सेंटर में देते हो ना? अब भुगतो." एवढं बोलून झालं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

त्यांच्या मते या अख्ख्या शहरात मोटारसायकल कळणारा माणूस एकच होता आणि तो रोज सकाळी त्यांना आरशात भेटत असे. बाकी सगळे येडे. सर्व्हिस सेंटरमधले चोर, फोनवर व्हिडिओ बघून गाडी खोलणारे महायेडे, आणि जे नुसतंच पेट्रोल भरून गाडी चालवतात त्यांची तर ते गणतीच करत नसत. हे सगळं ज्ञान त्यांनी कुठून मिळवलं होतं म्हणाल, तर डिझेल शेडमधून. अकोल्याहून निघालेला हा माणूस आधी भुसावळ आणि मग जयपूर असं करत तीस वर्षं रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर फिटरचं काम करत आला होता. आता डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापावरच डिझेल पेटतं, ठिणगी लागत नाही. हे त्यांच्या मुलीला, अक्षदाला, आठवीच्या विज्ञानाच्या हिंदी पुस्तकातून कळलं होतं. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत या गृहस्थाच्या हाताला सरकारी प्लग एकदाही लागला नव्हता, आणि तरी प्लग या विषयावर ते असे बोलत, जणू तो त्यांच्याच आजोबांनी शोधून काढला.

दर रविवारी सकाळी क्वार्टरच्या अंगणात जुना पेपर अंथरला जायचा. स्वतःच्या शंभर सीसीच्या गाडीचा प्लग काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, पॉलिश पेपर मारायचा, पात्यांच्या गेजने टोकांमधली फट मोजायची आणि मग तो डोळ्यासमोर धरून उन्हात पाहत बसायचं. बायकोने, रत्नमालाने, चहा आणून बाजूला उभं राहायचं. चहा लगेच उचलला जात नसे. तिने कधी "निवून राह्यला" म्हटलं की तायडे मान न उचलता म्हणायचे, "तुले काय समजते." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या वाक्याला तिने कधी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर नसल्यामुळे आपलंच बरोबर आहे, असं तायडे समजून चालले होते.

अक्षदा सव्वीस वर्षांची, सीतापुऱ्याच्या एका कंपनीत नोकरीला. बापाचा तुच्छतेचा गुण तिच्यात पुरेपूर उतरला होता. फरक एवढाच की बाप तो तोंडाने वापरायचा आणि ती मनातल्या मनात. पेपरवर मांडलेला प्लग, ते पॉलिश पेपरचे तुकडे, ते डोळे बारीक करून बघणं, हे सगळं पाहून ती मनात म्हणायची, केवढा हा थाट आणि कशासाठी. पण चपला घालून ऑफिसला जाताना ती "पप्पा, येते" एवढंच म्हणायची.

तिच्या लग्नाचं पाहायला लागल्यावर तायडेंनी एक रीत सुरू केली. अशी रीत अकोल्यात नाही, जयपुरातही नाही. ती त्यांच्या डोक्यातून निघाली होती. मुलाने पहिल्या भेटीला स्वतःच्या मोटारसायकलवर यायचं. पोहे, चिवडा, चहा होईपर्यंत गाडी अंगणात उभी राहायची. मग तायडे किल्ली मागून घ्यायचे, बाहेर जायचे, गाडीचा प्लग काढायचे आणि तो पाहून मुलाचा स्वभाव सांगायचे. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर पोट्टा सरळ. काजळी असली तर आळशी. पांढरं पडलं असलं तर तापट. एवढं सोपं काम असताना लोक पत्रिका का बघतात, हे त्यांना कळत नसे. तशीही त्यांच्या घरात पत्रिका कुणी मानत नव्हतं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ते अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकत, आणि तिथून उठून लोकांची लग्नं प्लगच्या रंगावर ठरवायला जात. यात काही विसंगत आहे हे त्यांना सांगणार कोण.

पहिला मुलगा अजमेरहून थेट गाडी चालवत आला होता. त्याचा प्लग काळा निघाला. "चोक ओढून गाडी चालवते. याले सकाळी उठणं माहीत नाई," असा निकाल त्याच्या आईसमोर लागला. ती माउली पुडीत बांधून दिलेला चिवडा तिथेच ठेवून उठली. दुसरा बँकेतला होता, त्याचं टोक पांढरं होतं. तिसरा शाळेतला मास्तर. त्याच्या प्लगला तेल लागलेलं होतं. "इंजनात तेल चढून राह्यलं आन याले पत्ता नाई. घर काय सांभाळन?" असं तायडे म्हणाले. मास्तर बिचारा गाडी आपल्या मेव्हण्याची आहे असं सांगत होता, पण ते कोण ऐकतो.

खरं सांगायचं तर तिन्ही वेळा अक्षदाला बरंच वाटलं होतं. तिला त्यांच्यातला एकही नको होता आणि नाही म्हणण्याचं काम परस्पर झालं. शिवी बापाच्या माथी आणि सुटका तिची. याची तिला थोडी लाज वाटायची, पण फार नाही.

चौथ्या वेळी मात्र तसं नव्हतं. चौथा नीरज डोंगरे होता आणि तो तिला हवा होता.

नीरज तिच्याच कंपनीत. मूळचा अमरावतीचा, सांगानेरजवळ खोली घेऊन राहणारा. मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकून सॉफ्टवेअर लिहिणारे जे हजारो आहेत, त्यांच्यातला एक. दीड वर्ष दोघं कँटीनमध्ये एका टेबलावर डबा खात होते. तो हसरा होता, वेळेवर यायचा, आणि मुख्य म्हणजे मॅनेजरच्या पाठीमागे मॅनेजरची फार छान टर उडवायचा. याच गोष्टीवरून तिने त्याला धीट समजावं, ही तिची चूक होती, पण ती तिला नंतर कळली.

प्लगची रीत तिने त्याला सांगितली तेव्हा तो घास हातात धरून हसत राहिला. मग इंजिनियर जागा झाला. "पण गाडी थंड झाल्यावर काढतात ना? गरम इंजनचा प्लग खोलायचा नाही गं कधी. प्लग ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की त्याचे आटे धरून बसतात. आणि माझा प्लग तीन वर्षांत कुणी हलवलेला नाही. तो आट्यांसकट बाहेर येईल."

"आधी तासभर थांबायचे. पण मागचा मुलगा चहा पिऊन लगेच निघायला लागला होता. मतलब, पप्पा म्हणतात आता गाडी आली की पहिले प्लग, मग चहा."

"मग मी सांगेन त्यांना."

"तोंडावर?"

"नाहीतर काय चिठ्ठी पाठवू?"

हे ऐकून अक्षदाचं सगळं ठरलं. तिला प्लगशी काही देणंघेणं नव्हतं. त्या घरात जनार्दन तायडेंना 'हे चुकतंय' असं म्हणणारं माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आईने म्हटलं नाही, तिने स्वतः म्हटलं नाही, आणि त्यांच्या शेडमध्ये कुणी म्हटलं असेल तर ते घरापर्यंत आलं नाही. हा म्हणेल, आणि तेही त्यांच्याच अंगणात उभं राहून. मग याच्याबरोबर ती कुठेही जायला तयार होती. न बोलणाऱ्या माणसाबरोबर आणखी एका घरात तिला दिवस काढायचे नव्हते. एक पुरेसं झालं होतं.

तायडेंनी नीरजच्या गाडीचं मॉडेल आधीच विचारून घेतलं होतं आणि शनिवारी अक्षदाला मागे बसवून ते चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, प्लग आणायला गेले. मुलगा पसंत पडला तर जुना प्लग काढून नवा घालून द्यायचा, असा त्यांचा बेत होता. दोन गल्ल्या सराफांच्या ओलांडून पार्टच्या दुकानाशी पोचले, तर दुकानदाराने विचारलं, साधा देऊ की महागातला, इरिडियमचा.

"इरिडियम?" तायडे म्हणाले. "गले में पहनना है क्या? उसके लिए तो पीछे पूरा बाज़ार पड़ा है."

मग त्यांनी साध्या प्लगच्या सहा डब्या उघडायला लावल्या. नंबर सगळ्यांवर एकच होता, आट्यांची लांबी एकच, कंपनी एकच. तरी ते एकेक प्लग नखाने वाजवून पाहत होते. आखूड आट्यांचा घातला तर ठिणगी वरच राहते, लांब घातला तर पिस्टनला लागतो, हे त्यांनी दुकानदाराला समजावलं. दुकानदार तीस वर्षं प्लग विकत होता, त्याने जांभई दिली. शेवटी तायडेंनी पहिलाच प्लग घेतला आणि बाहेर येऊन म्हणाले, "गधा हाय. माल विकते, पण त्याले माल समजत नाई." अक्षदाने मान डोलावली. मान डोलवायची तिला सवय होती.

रविवारी अकराच्या उन्हात नीरज आला. सांगानेरहून रविवारच्या गर्दीतून थांबत थांबत आलेली गाडी, इंजिनावरून हवा थरथरत होती. तायडे गेटवरच उभे होते. नीरजने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी एक हात आशीर्वादाला आणि दुसरा किल्लीला पुढे केला.

अक्षदा स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. खिडकी अंगणात उघडायची. मागे रत्नमाला पुऱ्या लाटत होती.

तायडेंनी पाटावर हत्यारं मांडली. प्लगची रबरी टोपी उपसली, प्लगपाना घातला, जोर लावला. प्लग हलला नाही. "जाम हाय," ते खूश होऊन म्हणाले. दुसऱ्याच्या गाडीत काही जाम असलं की त्यांना आनंद व्हायचा.

नीरज त्यांच्या मागे उभा होता. त्याने इंजिनाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. अक्षदाने त्याला मानेने खुणावलं, बोल.

"काका," नीरज म्हणाला.

"काय?"

"गाडी जरा... म्हणजे आत्ताच आलो ना मी."

"मंग? इंजन तापलेलंच पाह्यजे. ताप पाह्याचा तं ताप असतानाच पाह्याचा." तायडेंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू इंजिनियर हायस ना? सांगून राह्यला का मले काही?"

शेजारच्या क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी झाली.

"नाही नाही," नीरज म्हणाला. "पाणी मिळेल का, विचारत होतो."

रत्नमालाने तांब्या भरून दिला. अक्षदा तो घेऊन दारापर्यंत गेली, ओट्यावर ठेवला आणि परत खिडकीत आली. अजून वेळ होता. तिला वाटलं, पाणी पिऊन बोलेल. घसा सुकला असेल.

तायडेंनी मोरीमागून हातभर लोखंडी पाइप आणला. शेडची विद्या ती हीच. तिथे जे बोल्ट असतात ते दोन माणसांच्या वजनाने सुटतात, म्हणून पान्याच्या दांड्यावर पाइप चढवायचा आणि लोंबकळायचं. बोटाएवढ्या प्लगवर तायडेंनी तेच केलं. गाडी स्टँडवर डगमगायला लागली.

"मी धरतो, काका," नीरज म्हणाला.

त्याने एका हाताने गाडी धरली आणि दुसरा हात पाइपवर ठेवला. दोघांनी मिळून ओढलं. काहीतरी कचकन सैल झालं आणि मग पाना फार सहज फिरायला लागला. अक्षदाला तेवढं कळत होतं की तो इतका सहज फिरायला नको होता.

प्लग बाहेर आला. टोक छान बिस्किटी होतं, जसं हवं तसं. पण त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमच्या चकचकीत सुरळ्या अडकल्या होत्या. तायडे टोकाकडेच पाहत होते. "पाह्य," ते म्हणाले, "एक नंबर. याले म्हंते पोट्टा." मग त्यांनी डबीतून नवा प्लग काढला आणि हाताने भोकात फिरवला. प्लग फिरत राहिला. बसला नाही. काढून परत घातला, तरी फिरत राहिला. पान्याने दाबला, फिरत राहिला. कपाळावरचा घाम त्यांनी कोपराने पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हत्यार हातात धरून गप्प झालेले अक्षदा पाहत होती. हा तो क्षण, तिने मनात म्हटलं. आता तरी बोल.

"हेड कच्चं हाय," तायडे शेवटी म्हणाले. "आजकाल मालच असा येते."

"हो काका," नीरज म्हणाला. "चूक माझीच आहे. तीन वर्षांत मी प्लग कधी उघडलाच नाही. तुम्ही होता म्हणून निघाला तरी."

असं म्हणून तो हसला. आणि अक्षदाला त्या हसण्याची किळस आली, सरळ किळस. दीड वर्ष ज्या हसण्यासमोर तिने डबा खाल्ला ते हेच होतं. मॅनेजरच्या तोंडावर तो असाच हसत असणार, हे तिला आत्ता दिसलं.

तायडे मात्र उजळले. त्यांनी नीरजच्या खांद्यावर काळा हात ठेवला, शर्टाला पाच बोटं उमटली. पोहे झाले, पुऱ्या झाल्या. जेवताना तायडेंनी त्याला 'गरम' जातीचा प्लग आणि 'थंड' जातीचा प्लग यांतला फरक पाऊण तास समजावला, त्यात निम्मं चुकीचं होतं. नीरजने एकदाही घड्याळ पाहिलं नाही. "हे कॉलेजात कुणी सांगितलंच नाही, काका," असं तो दोनदा म्हणाला.

निघताना गाडी ढकलत न्यावी लागली. नाक्यावरच्या मेकॅनिककडे हेड उतरवून भोकात नव्या आट्यांचा बुश बसवावा लागणार होता. अक्षदा गेटपर्यंत सोबत गेली.

"झालो पास," नीरज हळूच म्हणाला. घामाने तो निथळत होता, पण खूश होता.

"तू बोलणार होतास."

"अगं, त्यांच्यासमोर काय बोलणार? आणि बुशाने काम होतं. आटे गेले तर गेले, लग्न तर जमलं. हिशोबाने बघ ना जरा."

"तू पाइप धरलास."

"गाडी पडली असती," नीरज म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं ती काय म्हणतेय ते. तो वळला आणि गाडी ढकलत उन्हात निघून गेला. ती तो वळणाआड जाईपर्यंत थांबली नाही.

आत तायडे पाटावर बसून हत्यारं पुसत होते. रत्नमाला ताटं उचलत होती.

"मी हो म्हंतो," तायडे म्हणाले. "समजदार पोट्टा हाय. ऐकून घेते."

"मी नाही म्हणते," अक्षदा म्हणाली.

रत्नमालाच्या हातातली ताटं जिथल्या तिथे थांबली. तायडेंनी मान वर केली. "काऊन?"

"पप्पा, हेड कच्चं नव्हतं. गरम इंजनचा प्लग खोलत नाहीत, आणि पाइप लावून तर कधीच नाही. आटे तुमच्यामुळे गेले." तिने पाटावरच्या जुन्या प्लगकडे बोट दाखवलं. "नीरजला हे माहीत होतं. त्याने मला आधीच सांगितलं होतं, मी बोलेन म्हणाला होता. आणि तो बोलला नाही. वरून चूक माझी म्हणाला. मतलब, असा शेपूट घालणारा माणूस मला नको. समोर चुकतंय हे दिसत असताना जो तोंड उघडत नाही, त्याच्याबरोबर मी नाही राहू शकत."

ती थांबली. आता पप्पा फुटणार, असं तिला वाटलं. पाना आपटेल, शिव्या येतील, 'तुले काय समजते' येईल.

तायडेंनी पाटावरचा तो जुना प्लग उचलला आणि पहिल्यांदा आट्यांकडे पाहिलं. त्यातली एक सुरळी नखाने सोडवली. ती बोटावर घेऊन उजेडाला धरली.

"म्हंजे हे तुले बी माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"आन तू खिडकीत होती."

"हो."

"मंग तू काऊन नाई बोलली?"

आवाजात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं. अक्षदाने तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं, निदान ती तरी काही म्हणेल म्हणून. रत्नमाला ताटं घेऊन तशीच उभी होती आणि तीही तिच्या उत्तराची वाट पाहत होती.